लेबलवर माउस गेला की काय व्हायला पाहिजे

म्युनिच

छोट्या,

तुझा मेसेज आणि स्क्रीनचे फोटो मिळाले. मामांच्या बेळगावातल्या शहापूरच्या दुकानासाठी तू साड्यांच्या स्टॉकचं सॉफ्टवेअर करायलास हे आईनं फोनवर सांगितलं होतंच, पण चंदगडहून एसटीनं बेळगावला जाऊन मामींच्या शेजारी बसून एकेक बटण दाखवून येतोस हे ऐकून लई बरं वाटलं. असं बसून बघणारे इथं पण कमीच आहेत रे.

आता तुझा प्रश्न. साडीच्या नावावर माउस नेला तर रंग बदलत नाही आणि किंमतीवर नेला तर मात्र बदलतोय, असं का. कोड बघितला. सीएसएस फाईलमध्ये, म्हणजे रंगरूपाचे नियम असतात तिथं, तू डॉट लेबल कोलन होव्हर लिहिलायस. लेबल म्हणजे स्क्रीनवरचा नुसता मजकूर आणि होव्हर म्हणजे माउस त्यावर असताना, त्यामुळं स्क्रीनवरच्या एकूण एक लेबलला तो नियम लागला, किंमत, शिल्लक, रॅक नंबर सगळ्यांना. आणि नावांना मात्र तू जावाच्या कोडमध्ये सेटस्टाइल वापरून काळा रंग दिलायस. जावाएफएक्समध्ये, म्हणजे तू स्क्रीन ज्यात केलीस त्या जावाच्या लायब्ररीत, सेटस्टाइलचा रंग फाईलमधल्या रंगापेक्षा वरचढ असतो, त्यामुळं नियम बरोबर असून पण नाव काळंच राहतं. ती ओळ काढून टाक आणि नावांना स्वतःचा एक स्टाइल क्लास, म्हणजे नियम लावायचं वेगळं नाव, दे, साधा रंग आणि होव्हरचा रंग दोन्ही फाईलमध्येच लिही. अक्षरांच्या रंगाची प्रॉपर्टी एफएक्स टेक्स्ट फिल हीच, नुसतं कलर लिहून काही होत नाही.

तुझा मित्र म्हणतोय तसं माउस एंटर्ड आणि माउस एक्झिटेड, म्हणजे माउस आत आला आणि बाहेर गेला या घटना, पकडून पण जमतं, स्विंग या जावाच्या जुन्या लायब्ररीत तर जेलेबलला, म्हणजे तिथल्या लेबलला, तसंच करायला लागायचं. पण मग आधी कुठला रंग होता ते तूच लक्षात ठेवायचं, बाहेर पडल्यावर तूच परत लावायचा, आणि उद्या मामा म्हणाले मरून नको हिरवा करा तर सगळा कोड धुंडाळत बस. कोलन होव्हर असलं की माउस बाजूला गेला की रंग आपोआप जागेवर येतो.

दुसरं, होव्हरला अक्षरं बोल्ड करायलास ते काढच, हे मी अगदी मनापासून सांगतोय. बोल्ड अक्षर रुंद होतं, लेबल फुगतं, आणि एचबॉक्समध्ये, म्हणजे आडव्या ओळीच्या चौकटीत, त्याच्या उजवीकडचं सगळं सरकतं. तुझ्या दुसऱ्या फोटोत बघ, इरकल मोरपंखी जरीकाठ या ओळीत किंमत आणि शिल्लक वरच्या ओळीपेक्षा थोडी पुढं गेलीय. मामी यादीवरनं माउस खाली नेतील तशी प्रत्येक ओळ हलणार, डोळ्याला त्रास होतो ते. भाषा बदलायचं कन्नड बटण दाबलं की नावं आणखी लांब होतात, तिथं तर जास्तच. फॉन्टचा साइज वाढवला तर त्याहून वाईट, लेबल माउसखालनं सरकलं तर होव्हर जातो, लहान झालं की परत माउसखाली येतं, आणि ते लुकलुकतच राहतं. रंग बदल, खाली रेघ दे, एवढ्यानं मापं बदलत नाहीत. कर्सर हाताचा कर, एफएक्स कर्सर हँड.

होव्हरला फिकट पिवळा पण नको. पांढऱ्यावर तो मामींना चष्मा लावून पण दिसायचा नाही, अक्षराचा आणि मागच्या रंगाचा कॉन्ट्रास्ट निदान 4.5 ला 1 असावा असा वेबवाल्यांचा नियम आहे, तो आपल्याला पण चालतो. मरून चांगला आहे, ठेव. आणि लेबलला थोडं पॅडिंग, म्हणजे भोवती मोकळी जागा, दे, म्हणजे नेमकं अक्षरावरच माउस न्यायला लागत नाही.

पण खरं सांगायचं ते हे की रंग बदलणं म्हणजे माणसाला सांगणं की इथं दाब, काहीतरी उघडेल. नावावर दाबलं की साडीचा फोटो येतो, तिथं बदलू दे. किंमतीवर दाबून काहीच होत नाही मग ती का मरून होतेय? मामी दोनदा दाबतील, काही होणार नाही, आणि तिसऱ्यांदा जिथं खरंच दाबायचं तिथं पण दाबणार नाहीत. म्हणून मी तर म्हणतो नावांना लेबल ठेवूच नकोस, हायपरलिंक हा लिंकसारखा दाबायचा तयार कंट्रोल घे. होव्हरची रेघ आणि हाताचा कर्सर त्यात आधीच आहे, टॅब दाबून पण त्यावर जाता येतं. फक्त एकदा दाबलेली लिंक व्हिजिटेड होऊन वेगळी दिसते ते बंद कर, आपल्याला त्याचा उपयोग नाही.

मामा पुढं टचस्क्रीन घ्यायचं म्हणतायत म्हणालास. मी इथं ज्या मशीनींचं सॉफ्टवेअर करतो तिथं कामगार हातमोजे घालून बोटानं दाबतात, बोटाला होव्हर नसतो. त्यामुळं दाबायची गोष्ट माउस न नेता पण ओळखू आली पाहिजे, नावाला आधीपासनंच निळसर रंग दे आणि होव्हरला मरून कर.

पुढच्या वेळी जाशील तेव्हा मामींच्या हातात माउस दे आणि काही न सांगता नुसतं बघ कुठं थांबतात, आणि तेवढा व्हिडिओ मला पाठव. रंग दुकानातल्या मॉनिटरवरच ठरव, तुझ्या लॅपटॉपवर वेगळे दिसणार.

आईबाबांना नमस्कार सांग, मामामामींना पण.

तुझा
दादा