मंत्रीसाहेब, निबंधात माझी आई टीचर आहे, खरी पोळ्या लाटते

मा. शालेय शिक्षणमंत्री साहेब,
सा.न.वि.वि.

गेल्या गुरुवारी माझी आठवीतली पोरगी 'माय मदर' निबंधाची वही घेऊन आली, दहापैकी नऊ मार्क. शेजारच्या ताईंकडून वाचून घेतला तर त्यात 'माय मदर इज अ टीचर'! अहो मी धनकवडीत पोळीभाजीचे डबे करते, रोज तीनशे पोळ्या. पोरगी म्हणते, आई आधी मी खरंच लिहिलेलं, पोळ्यांचं, तुझ्या हाताला चटके बसतात तेपण, तर स्पेलिंग चुकल्या म्हणून तीन मार्क आणि गाइडमधून बघून लिही, असं सर म्हणाले. ते पान तिने फाडून टाकलेलं. मी त्या रात्री जेवले नाही.

इंग्रजीच्या उताऱ्याचं तर विचारूच नका. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, सापडला की अख्खी ओळ उतरवायची, झालं उत्तर. परवा विचारलं, उतारा कशावर आहे गं? म्हणे माहीत नाही, पण पाचही बरोबर आलेत.

२००० साली पहिलीपासून इंग्रजी आणलंत ना? मग आठ वर्षं शिकून स्वतःची चार वाक्यं येऊ नयेत? जूनमध्ये शाळेत सांगितलं, जादा तास घेऊ, होमवर्क इथंच करून घेऊ. एक तास झाला नाही, सर निवडणुकीच्या कामाला. त्यांना तरी काय बोलणार, आरटीई म्हणजे शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७ मध्येच शिक्षकांच्या माथी निवडणूक, जनगणना बसवलीय. कलम २८ म्हणतं शिक्षकांनी खासगी शिकवणी घ्यायची नाही. मग राहिला क्लास, महिना पंधराशे, दहावीपर्यंत चाळीस-पन्नास हजार तरी जातील, आणि मोठ्या क्लासच्या पावतीवर १८ टक्के जीएसटी तुमचाच. शाळेत शिकवायचं नाही आणि बाहेर शिकलो तर टॅक्स, वा रे कारभार! मध्ये पोरांना नोंदी लिहायला पाठ्यपुस्तकात कोरी पानं घातलेली, २०२५ ला तीपण काढलीत. तुमची स्वतःची पोरं कुठल्या मिडियमला आहेत ते मी विचारत नाही.

शाळेतच रोज एक तास द्या आणि मोडकंतोडकं का होईना, पोरानं स्वतःचं लिहिलं तर मार्क द्या, एवढंच मागणं.

आणि हो, वहीत पालकांची सही मागितलीय. 'माय मदर इज अ टीचर'च्या खाली मी सही करू का नको, तेवढं कळवा.

– एक पोळीभाजीवाली आई, धनकवडी, पुणे