सुट्टे शिकवायला खरी नाणीच हवीत

संपादक महोदय,

मुंबईत भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळीकडे क्यूआर कोड लागले, आणि पहिली-दुसरीतल्या मुलांना नाणी दिसू लागली ती फक्त पुस्तकातल्या चित्रांत. चित्रातल्या नोटेची मोड करता येत नाही. शिकायची असते ती नेमकी मोड.

घरात शंभर रुपयांचा एक डबा करावा: रुपयाची वीस नाणी, दोनाची पाच, पाचाची चार आणि दहाच्या पाच नोटा. सुरुवात फक्त रुपया आणि पाच यांनीच करावी. लहान मूल किंमत नव्हे, नग मोजते. त्याला रुपयाची तीन नाणी पाचाच्या एका नाण्यापेक्षा जास्त वाटतात. पाच रुपये सुटे द्यायचे, पाचाचे नाणे घ्यायचे, मग उलट. हे हाताला बसेपर्यंत दोनाचे नाणे बाहेर काढू नये, ते भारी फसवे. २०११च्या मालिकेत ते २५ मिलिमीटरचे आणि पाचाचे २३चे. २०१९च्या मालिकेत बरोबर उलट! म्हणून आकारावर विसंबू नये, अंक वाचायला लावावा.

मोजणी मोठ्या किमतीपासून. 'दहा, वीस, तीस' म्हणत आलेले मूल पुढच्या पाचाच्या नाण्यालाही 'चाळीस' म्हणून टाकते. तिथे बोटभर जागा सोडावी, 'आता पाचाने' असे त्याच्याकडूनच म्हणवून घ्यावे, मग 'पस्तीस'.

परत द्यायचे पैसे वजाबाकीने काढायला लावू नयेत; दुकानदार करतो तसे वर चढावे. मे २०२५ पासून बेस्टच्या एसी बसचे किमान भाडे १२ रुपये आहे. दहाच्या दोन नोटा दिल्या, तर एकेक रुपया ठेवत तेरा, चौदा, पंधरा, मग पाचाचे नाणे ठेवून वीस. परत आले आठ. हमखास चूक म्हणजे पहिला रुपया 'बारा' म्हणतच ठेवला जातो आणि एक रुपया जास्त जातो. 'बारा' म्हणताना हात रिकामा हवा.

याच डब्यावर हातच्याची वजाबाकीही उलगडते. ३२ मधून १७ द्यायचे, तर दहाच्या तीन नोटा आणि दोन रुपये मांडावेत. दोनातून सात जात नाहीत, म्हणून एक नोट मोडून दहा रुपये घ्यायचे. वहीत दोनाच्या जागी बारा कुठून आले, ते समोरच दिसते.

घरात तीन वर्षांखालचे भावंड असेल तर डबा उंचावर ठेवावा; नाणी सहज गिळली जातात.

काही प्राथमिक शिक्षिका,
परळ, मुंबई