टायरियाचा नकाशा पुरा करायचा तर

साखळी, गोवा

प्रिय विनय,

सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप मिळाला. गिल्ड वॉर्स 2 या ऑनलाइन गेममधलं तुझं पात्र, म्हणजे रेंजर, 80 लेव्हलला पोचला, आता कुडझू हे लेजेंडरी धनुष्य हवं, आणि त्यासाठी लागणारी 'गिफ्ट ऑफ एक्सप्लोरेशन' ही वस्तू सगळा नकाशा फिरल्याशिवाय मिळत नाही हे कळल्यावर तू डोक्याला हात लावलास. व्हॉट्सॅपवर दोन ओळींत सांगण्यासारखं हे नव्हे, म्हणून सविस्तर लिहितो. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. तुला नुसतं धनुष्यच हवं असेल तर पहिल्या पिढीतली लेजेंडरी शस्त्रं ट्रेडिंग पोस्टवर (गेममधल्या बाजारात) सोनं मोजून विकत मिळतात. फिरण्याची हौस असेल तरच पुढचं वाच. हौस नसलेल्या माणसाला पंधराव्या नकाशावर कंटाळा गाठतोच.

गिल्ड वॉर्स 2 मध्ये 'वर्ल्ड कम्प्लिशन' म्हणजे सेंट्रल टायरियाचे (गेमच्या मूळ जगाचे) 25 प्रदेश आणि 6 शहरं, बस्स. साउथसन कोव्ह, ड्राय टॉप, सिल्वरवेस्ट्स यात धरत नाहीत. हार्ट ऑफ थॉर्न्स, पाथ ऑफ फायर वगैरे विस्तारांचे नकाशेही नाहीत. वर्ल्ड व्हर्सेस वर्ल्डचे (सर्व्हरांच्या आपसातल्या लढाईचे) नकाशे पूर्वी धरायचे, 2015 मध्ये ते काढले. यूट्यूबवरच्या जुन्या व्हिडिओंत अजून तेच सांगतात, त्यावर वेळ घालवू नकोस. पुरं झालं की एका पात्राला दोन गिफ्ट मिळतात आणि एका शस्त्राला एक पुरते. म्हणजे एकाच रेंजरच्या फिरण्यात दोन शस्त्रांची सोय होते. दुसऱ्या पात्रावर हाच खटाटोप पुन्हा करणारे लोक मला कळलेले नाहीत.

प्रत्येक नकाशात पाच प्रकार मोजले जातात: हार्ट (तिथल्या माणसाला मदत करायची कामं), वेपॉइंट (जिथे नंतर नकाशावरून थेट उडी मारून पोचता येतं ती जागा), पॉइंट ऑफ इंटरेस्ट (बघण्याजोगी जागा), व्हिस्टा (आसपासचा देखावा दाखवणारी जागा) आणि हीरो पॉइंट (पात्राची कौशल्यं वाढवायचे गुण देणारी जागा). एम दाबून नकाशा उघडलास की कडेला पाचांचे आकडे दिसतात, किती झाले आणि एकूण किती. पोकळ चिन्ह म्हणजे बाकी, भरलेलं म्हणजे झालं. वेपॉइंट आणि पॉइंट ऑफ इंटरेस्ट नुसते जवळून गेलं तरी नोंदले जातात, उतरायचीही गरज नाही. व्हिस्टाला एफ दाबावं लागतं, मग कॅमेरा आसपास फिरतो. तो बघत बसायची सक्ती नाही, एस्केप दाबून पुढे जा. खरा वेळ खातात ती हार्ट, आणि तिथेच बहुतेकांचा बेत फसतो.

लोक काय करतात, तर माऊंट (स्वारीचं जनावर) पळवत आधी सगळे वेपॉइंट उघडतात, मग व्हिस्टांसाठी दुसरी फेरी, मग हार्टसाठी तिसरी. एकाच जागेवरून तीनदा जायचं! म्हापशाहून पणजीला जायला कोणी आधी मडगाव गाठत नाही. हार्ट हाच रस्त्याचा कणा धर. एका हार्टवरून पुढच्या हार्टकडे जाताना वाटेतलं बाकी सगळं उचलत जा. नकाशात शिरल्यावर मोठा करून एकदा नीट बघ, हार्ट कुठे कुठे आहेत आणि कडेने फिरून शेवटी मध्यात येता येईल का ते ठरव. दुर्बीण घेतलेला स्काऊट भेटला तर त्याच्याशी बोल, तो आसपासची हार्ट नकाशावर उघडून देतो.

हार्टवर कर्सर नेलास की कोणत्या कामांनी ते भरतं ते लिहिलेलं असतं. चार कामं दिलेली असली तरी चारही सारखी नसतात. शत्रू मारणं बहुधा सगळ्यांत संथ, कारण ते मेल्यावर पुन्हा उगवेपर्यंत थांबावं लागतं. जमिनीवरच्या वस्तू उचलणं, जखमींना उठवणं, सापळे मोडणं ही कामं पटापट होतात. आणि त्या टापूत इव्हेंट चालू झाला, म्हणजे नकाशावर केशरी वर्तुळ दिसलं, की हातातलं काम टाकून तिकडे जा. इव्हेंटचं बक्षीस वेगळं मिळतं आणि हार्टही भराभर भरतं. रिकाम्या टापूत एकटाच गाजरं वेचत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं. सेंट्रल टायरियात एकदा भरलेलं हार्ट त्या पात्रापुरतं कायमचं भरतं. नंतर पत्राने थोडे पैसे येतात आणि तिथला माणूस कर्मा (गेममधलं एक चलन) घेऊन वस्तू विकू लागतो.

सुरुवात शहरांपासून कर. तिथे हार्ट नाहीत, शत्रू नाहीत, आणि लायन्स आर्च या शहरातल्या असुरा गेटांमधून (थेट दुसरीकडे नेणाऱ्या दारांतून) बाकीच्या पाचही शहरांत फुकट जाता येतं. शिवाय या नकाशांचा खरा स्वभाव तिथेच कळतो, आणि तो म्हणजे उंची. कागदावर नकाशा सपाट दिसतो, पण जग दोन-तीन मजली आहे. राटा समसारख्या शहरात एकाच ठिपक्यावर एकाखाली एक गच्च्या आहेत. ब्लॅक सिटाडेल आणि द ग्रोव्ह यांचंही तेच. तू मिनीमॅपवर नेमका चिन्हावर उभा आहेस आणि ते भरत नाही, याचा अर्थ गेममध्ये बिघाड आहे असा नसतो. तू चुकीच्या मजल्यावर आहेस एवढाच असतो.

अशा वेळी चिन्हाभोवती घिरट्या घालू नकोस. एक, नकाशा पूर्ण मोठा करून त्या जागेभोवती गडद, बोगद्यासारखी पट्टी दिसते का बघ. दिसली तर तिचं तोंड कुठे निघतं ते शोध. हे तोंड चिन्हाच्या अगदी जवळ असतंच असं नाही, बऱ्याचदा टेकडीच्या पलीकडच्या अंगाला असतं. ड्रेजहॉन्ट क्लिफ्समध्ये ड्रेज नावाच्या जमातीचे बोगदे असेच आहेत, वरून कितीही फिरलास तरी आतलं काही हाती लागत नाही. माऊंट मेलस्ट्रॉममध्ये डोंगराच्या पोटात उतरावं लागतं. दोन, आसपास पाणी असेल तर बुडी मार. ब्लडटाइड कोस्ट, स्पार्कफ्लाय फेन, फ्रॉस्टगोर्ज साऊंड आणि स्ट्रेट्स ऑफ डेव्हास्टेशन या चार नकाशांत बरंच काही पाण्याखाली आहे. पाण्यात गेल्यावर शस्त्रं आपोआप बदलतात, म्हणून भाला किंवा हार्पून गन आधीच चढवून ठेव, नाहीतर लेव्हल 10 चं काहीतरी हातात घेऊन मासे मारत बसशील. तीन, हे दोन्ही नसेल तर वर बघ. व्हिस्टा तर हमखास वर असतात.

व्हिस्टासाठी स्प्रिंगर हे माऊंट सोन्यासारखं. पाथ ऑफ फायर विकत घेतलं आहेस, तेव्हा तिथल्या गोष्टीत थोडं पुढे जाऊन रॅप्टर आणि स्प्रिंगर दोन्ही आधी मिळव, मगच जुना नकाशा फिरायला घे. स्प्रिंगर बसून उडी साठवतो. बटण दाबून ठेवायचं, पूर्ण भरलं की सोडायचं. अर्धवट सोडलं तर कड्याच्या काठाला आपटून खाली. उडीच्या माथ्यावर पुढे सरकता येतं, म्हणून कड्याला अगदी चिकटून न राहता थोडं मागे उभं राहा. स्कायस्केल हे उडणारं माऊंट असेल तर प्रश्नच नाही. माऊंट चालत नाही अशा जागाही आहेत. तिथे डिझायनरने पायवाट ठेवलेलीच असते, फळ्या, बाहेर आलेले दगड, मोडकी शिडी. ती वाट व्हिस्टाच्या थेट खालून क्वचितच सुरू होते. कॅमेरा मागे ओढून व्हिस्टाकडून उलट खाली बघत ये, कोणता दगड कशाला जोडलाय ते दिसतं. पडलास तर हवेत असतानाच स्पेस दाबून ग्लायडर उघड. हार्ट ऑफ थॉर्न्स असलेल्यांना 2016 पासून जुन्या टायरियातही ग्लायडर वापरता येतो.

हीरो पॉइंटमध्ये दोन मुख्य प्रकार. एकात कोणाशी तरी लढायचं, ते 80 ला फारसं अवघड नाही. लेव्हल नकाशाप्रमाणे खाली आणली जाते खरी, पण अंगावरचा शस्त्र-चिलखताचा माल चांगला असेल तर तुझा फटका भारीच पडतो. दुसऱ्यात एखाद्या जागेशी 'कम्यून' करायचं: एफ दाबून पट्टी भरेपर्यंत हलायचं नाही. मध्ये कोणी एक फटका मारला तरी पट्टी तुटते. म्हणून आधी आसपासचे शत्रू साफ कर आणि मगच एफ दाब. घाईघाईत दाबून पाच वेळा तुटलं की वैताग येतो, त्यापेक्षा अर्धा मिनिट मारामारी परवडते. लढाईत असताना माऊंटवर चढता येत नाही हेही लक्षात ठेव. रॅप्टरची शेपूट फिरवून गर्दीत उतरायचं आणि लगेच पळायचं, हे जमत नाही.

ऑर हा टापू मात्र वेगळं प्रकरण. स्ट्रेट्स ऑफ डेव्हास्टेशन, माल्कर्स लीप आणि कर्स्ड शोअर हे तीन नकाशे मुद्दाम शेवटी ठेव, पण एका दमात संपवायचा हट्ट धरू नकोस. इथे देवांची पाच देवळं आहेत. बाल्थझारचं स्ट्रेट्समध्ये, ड्वेना आणि लिसा यांची माल्कर्स लीपमध्ये, ग्रेन्थ आणि मेलान्ड्रू यांची कर्स्ड शोअरमध्ये. देऊळ शत्रूच्या ताब्यात असलं की आतलं काम अडतं आणि आसपासचे वेपॉइंटही 'कंटेस्टेड' होतात. कंटेस्टेड वेपॉइंट जवळ जाऊन उघडता येतो, मोजणीत येतो, फक्त तिथे उडी मारता येत नाही. त्यामुळे वेपॉइंटसाठी कोणाची वाट पाहू नकोस. देवळासाठी मात्र माणसं लागतात. एकट्याने ग्रेन्थच्या देवळाच्या वाटेला जाणं म्हणजे वेपॉइंटचे पैसे फुकट घालवणं.

माणसं कधी मिळतात? तुझं खातं युरोपचं आहे. त्यांची संध्याकाळ म्हणजे आपली रात्र. साधारण साडेनऊ-दहानंतर नकाशे भरायला लागतात आणि मध्यरात्र उलटेपर्यंत गर्दी असते. म्हणून दिवसा किंवा सुट्टीच्या सकाळी हार्ट, व्हिस्टा, शहरं, आणि देवळं रात्री. नकाशा रिकामा वाटला तर एलएफजी (साथीदार शोधायची यादी) उघडून ऑरची पार्टी आहे का बघ. पार्टीत शिरलास की तिच्या नकाशाच्या प्रतीत जाता येतं.

पैशांचं थोडं. 80 ला प्रत्येक वेपॉइंटच्या उडीला चांदी जाते, अंतर जास्त तशी जास्त. एकेका उडीचं काही वाटत नाही, पण दिवसभरात जीवाला लागतं. लायन्स आर्चला जायचं असेल तर पीव्हीपीच्या (खेळाडूंच्या आपसातल्या लढतींच्या) हार्ट ऑफ द मिस्ट्समध्ये जा आणि तिथल्या गेटमधून बाहेर पड, एक पैसा लागत नाही. बॅगेतलं कच्चं सामान गिअरच्या मेन्यूतून कुठूनही बँकेत टाकता येतं. नकाशा पुरा होण्याआधी चार-पाच रकाने मोकळे ठेव. आणि नाव अडलं की चॅटमध्ये स्लॅश देऊन विकी असं टाइप कर, पुढे त्या जागेचं नाव, की ब्राउझरमध्ये तेच पान उघडतं. अवघड व्हिस्टांची वाट तिथे चित्रासकट मिळते. सरळ बघ, त्यात कमीपणा नाही.

पावसाळ्यात आपल्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही, पण त्याची धास्ती नको. सापडलेला बिंदू त्याच क्षणी सर्व्हरवर नोंद होतो. राऊटर इन्व्हर्टरवर लाव. गेम मात्र पूर्ण उतरवून घे. लाँचर अर्धवट डाउनलोडवरही खेळू देतो, पण मग प्रत्येक नवीन नकाशात शिरताना उरलेलं उतरवत बसतो, आणि तू तर रोज नवीन नकाशातच शिरणार.

शेवटी टक्केवारी 99 वर अडली तर घाबरू नकोस. जगाचा नकाशा उघडून एकेका प्रदेशाचे आकडे बघत जा. बहुतेक वेळा चूक शहरात असते, कारण शहर 'झालंच आहे' असं गृहीत धरलेलं असतं. नाहीतर दोन प्रदेशांच्या सीमेवर राहिलेला एखादा पॉइंट ऑफ इंटरेस्ट. प्रत्येक नकाशा सोडण्याआधी पाचही आकडे बघायची सवय लावलीस तर ही वेळ येणारच नाही.

हार्ट ऑफ थॉर्न्सचे चार नकाशे तू विचारलेस, पण ते कुडझूला लागत नाहीत. तिथे हार्ट नाहीत, मात्र एकेका हीरो पॉइंटचे 10 गुण मिळतात, म्हणजे 25 केले की एक एलीट स्पेशलायझेशन (पात्राची नवी खासियत) पूर्ण. टँगल्ड डेप्थ्स एकट्याने करायच्या भानगडीत पडू नकोस, वरची उंचीची सगळी कथा तिथे दसपट आहे. ड्रॅगन्स स्टँडमध्ये फौजेबरोबर पुढे सरकल्याशिवाय आतला भाग उघडत नाही. तो दर दोन तासांनी सुरू होतो, आपल्या घड्याळात रात्री 9 आणि 11 ला. दहा मिनिटं आधी जा, नंतर भरलेल्या नकाशात जागा मिळत नाही.

पाच देवळांपैकी तुझ्याकडे कोणती राहिली ते चवथीच्या आधी कळव, म्हणजे शनिवारी रात्री दहाला पार्टी बांधून ग्रेन्थपासून सुरुवात करू. मावशींना नमस्कार सांग.

तुझा,
संदेश