नक्षीचे छाप सोनाराच्या नजरेने शिकवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुंबईतल्या कलाशिक्षणात रेनेसाँ (युरोपातले प्रबोधन) म्हटले की तैलचित्रे येतात, पुतळे येतात. नक्षीचे छाप, म्हणजे कारागिरांसाठी कागदावर छापलेले नक्षीचे नमुने, मात्र 'सजावट' म्हणून बाजूला पडतात. हे चुकीचे आहे. ते कागद म्हणजे कारखान्यातली हत्यारे होती.

हे छाप येण्याआधी चांगला नमुना बहुतेक उस्तादाकडून शागिर्दाकडेच जायचा. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापल्यावर तो पैसे मोजणाऱ्या कुणालाही मिळू लागला. जर्मनीतल्या सोएस्टच्या हाइनरिख आल्डेग्रेव्हरने खंजिराच्या म्यानांचे नमुने कोरले. म्यान म्हणजे कमरेला मिरवायची प्रतिष्ठा; चांदीचे परवडत नसेल त्यालाही त्याचा छाप घरी ठेवता येई. जर्मनीतल्याच ऑग्सबुर्गच्या डॅनियल हॉप्फरने तर चिलखतावर आम्लाने नक्षी उठवायची रीतच लोखंडी पत्र्यावर आणून छाप काढले. आणि ही नक्षी निव्वळ युरोपीयही नव्हे : १५३० साली पॅरिसमध्ये फ्रांचेस्को पेलेग्रिनोने छापलेल्या नमुन्यांतल्या गुंतलेल्या वेली इस्लामी कलेतून आलेल्या आहेत.

यातले पुष्कळ छाप वापरातच संपले. रेषांवर सुईने भोके पाडायची, वरून कोळशाची पूड थापायची, की नमुना खालच्या वस्तूवर उतरतो. कागदाची मात्र चाळण होते.

हे पुस्तकातून कळत नाही. विद्यार्थ्यांना ५ × ७ सेंटीमीटरचा तांब्याचा पत्रा द्या. कडा कानशीने उतरत्या घासा, नाहीतर दाबाखाली कागद फाटतो. नमुना आरशातल्यासारखा उलटा उतरवा. ब्युरिन (धातूवर कोरायचे टोकदार हत्यार) जवळजवळ आडवे धरून पुढे ढकला आणि वळणावर हात स्थिर ठेवून पत्रा फिरवा. ब्युरिन उभे झाले की टोक रुतते, जोर लावला की निसटून नक्षीतल्या पानावर ओरखडा पडतो. रेषेच्या काठाला उठलेली कणी खरवडून काढा, ती राहिली तर शाई धरून रेष फुटते. पानामागची जमीन बारीक आडव्या-उभ्या रेषांनी भरा, म्हणजे पान पांढरे उठून दिसते. शाई चोळून वरची पुसायची, कागद ओलसर हवा; कोरडा कागद रेषेत उतरत नाही आणि छाप फिका येतो.

झवेरी बाजारात हाताने खोदकाम करणारे कारागीर आजही आहेत. कला महाविद्यालयांनी त्यांना मानधन देऊन या वर्गात शिकवायला बोलवावे, आणि परीक्षेत निबंधाऐवजी हा पत्रा आणि त्याचे तीन छाप मागावेत.

आपला,
मुद्राचित्रणाचा एक शिक्षक, गिरगाव, मुंबई