बर्फाचा डबा

चि. भैयास अनेक आशीर्वाद,

तुझं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं चारचौघांत. सकाळी साडेसातला रक्त घ्यायला बर्फाचा डबा घेऊन माझ्या खाटेशी बसलास, तो तू. हिंदीत बोलत होतास. सुई लागताच माझ्या तोंडून 'आई गं' निघालं आणि तू हसून मराठीवर आलास.

दीड वर्ष चेहरा गोल फुगलेला, पोटावर जांभळे पट्टे, इंदूरच्या रामबागेतल्या घराचा एक जिना चढताना मांड्या भरून यायच्या. सगळे म्हणायचे, सराफ्यातलं, त्या रात्रीच्या खाऊबाजारातलं, खाणं कमी करा. शेवटी रात्री ११ ला डेक्साची, म्हणजे एका स्टेरॉइडची, गोळी घेऊन सकाळी ८ ला रक्त दिलं. कॉर्टिसॉल, म्हणजे अंगातलं स्टेरॉइड, त्या गोळीनं १.८ च्या खाली यायला हवं होतं, आलं १४. ते वाढतंय कशानं? कॉर्टिसॉल बनवायचा हुकूम डोक्यातून जातो, तो एसीटीएच. एका लॅबने तो कमी, ६ सांगितला, म्हणजे दोष कॉर्टिसॉल बनवणाऱ्या, मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत. पोटाचा सीटी काढला, गाठ काही सापडेना. त्या लॅबचा मुलगा माझी नळी शर्टाच्या खिशात घालून गेला होता. ते मला आठवलं तुझा डबा बघून! एसीटीएच उबेत टिकत नाही, आकडा खोटाच कमी येतो, हे तूच सांगितलंस.

मग डेस्मोप्रेसिन, १० मायक्रोग्रॅम. (अंथरूण ओलं करणाऱ्या पोरांना देतात ते औषध, हे ऐकून मला हसूच आलं.) एसीटीएच सोडणाऱ्या, डोक्यातल्या पिट्युटरी ग्रंथीत गाठ असेल तर बहुतेकदा ती या औषधाला चेकाळून एसीटीएच वाढवते, दुसरीकडची सहसा नाही. आधी दोनदा रक्त, मग १५, ३०, ४५, ६० मिनिटांनी. चेहरा तापला तर घाबरू नका, आज पाणी बेतानं प्या, असं बजावलंस. दर वेळी जांभळ्या टोपणाची नळी बर्फात खुपसून तू जवळजवळ पळत जायचास. चपलेचा आवाज मी मोजत होते.

एसीटीएच ५२ वरून १३१ वर गेलं. ३५ टक्के वाढ पुरे असते म्हणे. मग पिट्युटरीच्या एमआरआयमध्ये ५ मिलीमीटरची गाठ दिसली. ऑपरेशन पुढच्या महिन्यात, नाकातून.

शेवटची नळी झाल्यावर तू पोहे आणलेस, वर भुरभुरायचा जिरावण मसाला वेगळ्या पुडीत. पैसे घेतले नाहीस. रामबागेत आलास तर घरी ये, तो हिशेब बाकी आहे.

तुझी,
काकू