मंगलला पत्र : पेन्शन, सेवापुस्तक आणि राहिलेली तीन वर्षं

कोल्हापूर, जानेवारी २०२६

प्रिय मंगल,

फोनवर मी तुझ्या निवृत्तीचं आणि पेन्शनचं काढलं आणि तू विषय बदललास. 'बघू गं, अजून तीन वर्षं आहेत' म्हणालीस आणि लेकीचं, चिमीचं काढलंस. मी पण गप्प बसले, कारण फोनवर हे नीट बोलताच येत नाही. पण रात्री झोप लागेना, म्हणून उठून हे लिहायला बसलेय. लांबेल, चहा घेऊन वाच.

माझी निवृत्तीची तारीख ठरलीय, ३१ मे २०२७. आपल्या पिढीतल्या निम्म्या लोकांसारखी माझीही जन्मतारीख मास्तरांनी १ जून लावली, आई म्हणायची मी श्रावणात झाले, पण कागदावर १ जून. आणि एक तारखेचा जन्म असला की आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती, म्हणून ३१ मे. जे ३० जूनला निवृत्त होतात त्यांना सुप्रीम कोर्टाच्या २०२३ च्या निकालामुळे १ जुलैची वेतनवाढ पेन्शनला धरून मिळते, माझी एक महिन्याने हुकली. असो, त्याचं मला फार नाही. मला खरं तुझं बोलायचंय.

गेल्या महिन्यात आस्थापना विभागात जाऊन सेवापुस्तक मागून घेतलं. एकतीस वर्षांत दुसऱ्यांदा हातात घेतलं असेल. कापडी पुठ्ठा, कडा झिजलेल्या, आत पहिल्या पानावर माझ्या बोटांचे ठसे, निळ्या शाईचे, आणि १९९४ चा फोटो, त्यात मी इतकी बारीक की ओळखू येईना. मग एकेक पान बघत गेले. वेतनवाढी आहेत, वेतननिश्चिती आहे, पण १९९८-९९ च्या सेवा पडताळणीच्या शेऱ्याखाली सहीच नाही! नुसता शिक्का मारलाय आणि पुढचं वर्ष सुरू. तेव्हाचे कुलसचिव कधीच निवृत्त झाले. तो क्लार्क मला सांगत होता, मॅडम, हे तुम्ही आत्ता बघितलं म्हणून बरं, पेन्शनची फाइल उच्च शिक्षण सहसंचालकांकडून महालेखापालांकडे मुंबईला गेली असती आणि सहा महिन्यांनी आक्षेप लागून परत आली असती. आता जुन्या पगारपत्रकांवरून ते वर्ष पडताळून घेतायत, त्यालाच पाच आठवडे झाले.

आपण बॉटनीच्या पोरांना काय सांगतो गं, वाळवलेली वनस्पती चिकटवलेल्या शीटवर ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव नसेल तर ते हर्बेरियम नाही, वाळलेलं गवत आहे. आणि स्वतःच्या नोकरीचं लेबल मात्र आपण कधी वाचत नाही. तू तुझं सेवापुस्तक शेवटचं कधी बघितलंस? ह्या आठवड्यात माग. दुय्यम प्रत करून घे, ते द्यायला बांधील आहेत.

आता मुद्द्यावर येते. माझं गणित तसं सोपं आहे. शेवटचा बेसिक मी १,८२,७०० धरलाय, त्याच्या निम्मी पेन्शन म्हणजे ९१,३५० आणि वर महागाई भत्ता. त्यातली ४० टक्के विकता येते, म्हणजे तिच्या बदल्यात आधीच एकरकमी पैसे घ्यायचे, त्याला अंशराशीकरण म्हणतात, मग हातात बेसिक पेन्शन ५४,८१० राहते, पण महागाई भत्ता पूर्ण ९१,३५० वरच मिळतो आणि विकलेला भाग पंधरा वर्षांनी परत सुरू होतो. माझ्यानंतर ह्यांना कुटुंब निवृत्तीवेतन आहे. म्हणजे १९९४ ला नोकरीला लागले एवढ्या एका गोष्टीवर माझं म्हातारपण सरकारने उचललंय.

आणि तू. एम.एस्सी.ला तुझे मार्क माझ्यापेक्षा जास्त. कासच्या पठारावर खर्पुडीचा वेल गवतात दिसायचा तो तुला, मी वरनं चालत जायचे. तू नऊ वर्षं तासिका तत्त्वावर काढलीस, उन्हाळ्यात पगार नाही, जूनमध्ये परत अर्ज, आणि शिकवायचं तेच, प्रॅक्टिकल तेच, पेपर तपासायचे तेच. २००५ च्या ऑगस्टमध्ये तुझी मुलाखत ठरली होती ती पुढे गेली, आठवतंय? तू रडवेली होऊन एस.टी.डी. बूथवरून फोन केला होतास. आणि मी काय म्हणाले, 'अगं दोन-तीन महिन्यांनी काय बिघडतंय, जागा कुठे पळून जाते का.' डिसेंबरमध्ये ऑर्डर आली तेव्हा पेढे घेऊन मीच कराडला आले होते. १ नोव्हेंबर २००५ ची ती तारीख तेव्हा आपल्या कुणाच्या गावीही नव्हती. त्याच्या आधी लागला तो जुन्या पेन्शनमध्ये, नंतर लागला तो डी.सी.पी.एस.मध्ये, म्हणजे पगारातून कापून साठलेल्या पैशांवरच्या नव्या पेन्शनमध्ये, त्याचंच पुढे एन.पी.एस. झालं. पाच-सहा आठवड्यांनी तू पलीकडे गेलीस मंगल. माझ्या हातात काही नव्हतं हे मला कळतं, तरी ते वाक्य मला अजून टोचतं. २०२३ च्या मार्चमध्ये संपात तू 'एकच मिशन, जुनी पेन्शन'ची टोपी घालून उभी होतीस आणि मी शेजारी, तेव्हा पण हेच मनात होतं. सात दिवस संप झाला, घोषणा झाल्या, समिती झाली, आणि तुझी स्लिप आहे तशीच आहे.

म्हणून सांगते, माझी कॉपी करू नकोस. स्टाफरूममधले जुने लोक 'पेन्शन आहे की, काय काळजी' म्हणतात ते त्यांच्यासाठी खरं आहे, तुझ्यासाठी नाही.

तुझं गणित मी माझ्या वहीत मांडलंय, रागावू नकोस. तुझ्या एन.पी.एस.च्या खात्यात निवृत्तीला समजा ६० लाख झाले, आकडा मी अंदाजाने घेतलाय, खरा तुझ्या स्टेटमेंटवरून कळेल. त्यातले ६० टक्के, म्हणजे ३६ लाख एकरकमी मिळतात, त्यावर टॅक्स नाही. उरलेल्या २४ लाखांची अॅन्युइटी, म्हणजे विमा कंपनीकडून दरमहा ठरावीक रक्कम, घ्यावीच लागते, साडेसहा टक्के दर धरला तरी महिन्याला १३ हजार. तेरा हजार! आणि ते पंधरा वर्षांनी पण तेराच हजार, त्याला महागाई भत्ता नाही. तुझ्या घराचा किराणा, लाइट बिल, औषधं आजच त्याच्या वर जातात, तूच सांगितलंस दिवाळीत.

तर ते ३६ लाख म्हणजे तुझी खरी पेन्शन. ते लग्नाला नाहीत, वरचा मजला चढवायला नाहीत, भाऊजींच्या पुतण्याच्या दुकानाला तर अजिबात नाहीत. मी हे स्पष्ट लिहितेय कारण मागच्या वेळी तू म्हणालीस की घरात आत्तापासूनच त्या पैशाची बोलणी चाललीत. चिमीचं शिक्षण झालंय, ती कमावतेय, तिला आईचा भार नको असेल तर हे पैसे तसेच राहू देत. त्यातले ३० लाख पोस्टात किंवा बँकेत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवता येतात, तेवढीच मर्यादा आहे, सध्या ८.२ टक्के दर आहे, म्हणजे दर तीन महिन्यांनी ६१,५०० रुपये. व्याजावर टॅक्स लागतो ते धरून चाल. पाच वर्षांची मुदत असते. किंवा सगळी रक्कम एकदम न काढता एन.पी.एस.मध्येच ठेवून हप्त्याहप्त्याने काढायची पण सोय आहे, त्याचं शांतपणे बसून बघू. अॅन्युइटी घेताना मात्र 'तुझ्यानंतर नवऱ्याला आणि त्यानंतर मूळ रक्कम वारसाला' हा पर्याय आहे का ते विचारायचं, महिन्याला थोडे कमी मिळतात पण २४ लाख बुडत नाहीत.

आणि सगळ्यात आधी तुझ्या खात्यात किती महिने आलेच नाहीत ते बघ. तुझी कपात सुरुवातीची काही वर्षं झालीच नव्हती हे मला पक्कं आठवतंय, तू तेव्हा खूश होतीस की हातात जास्त येतंय. नंतर कपात झाली पण कॉलेजकडून पुढे जमा झाली का? शासनाचा हिस्सा आधी १० टक्के होता, नंतर १४ झाला, तो फरक आला का? एका कोऱ्या कागदावर महिन्यांच्या ओळी आख, एका बाजूला पगाराची स्लिप, दुसऱ्या बाजूला खात्याचं स्टेटमेंट, आणि जिथे रकाना रिकामा तिथे लाल खूण. मग अर्ज करायचा, तोंडी सांगायचं नाही, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. आता कपात सुरू असताना हे सुटतं, निवृत्तीनंतर तू बाहेरची बाई होतेस, तेव्हा कोण दाद देतंय.

वारसाचं नाव पण बघ. मला खात्री आहे तू तिथे अजून अण्णांचं नाव ठेवलंयस. अण्णा जाऊन अकरा वर्षं झाली गं.

तब्येतीचं लिहायला मला आवडत नाही पण लिहिते. आमच्या विभागातले एक सर निवृत्त झाले आणि पाचव्या महिन्यात अँजिओप्लास्टी. नोकरीतली ग्रुप पॉलिसी नोकरीबरोबर संपलेली, नवी काढली होती पण आधीपासूनच्या बीपीला थांबायचा काळ होता, सगळं बिल स्वतःच्या खिशातून. तुला शुगर आहे. आधीपासूनच्या आजाराला जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं हा आता नियम आहे, आणि तुझी निवृत्ती पण बरोबर तेवढीच लांब आहे. म्हणजे पॉलिसी ह्याच महिन्यात घेतलीस तर थांबायचा काळ नोकरीत असतानाच जवळपास संपतो. शुगर लपवू नकोस, फॉर्मवर लिही. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जी.एस.टी. पण गेलाय. ह्या पत्रातलं एकच काम करायचं म्हटलंस तर हे कर.

माझ्याकडे दोन पीएच.डी.ची पोरं राहिलीत. तीन वर्षांपेक्षा कमी नोकरी उरली की नवीन विद्यार्थी घेता येत नाही, त्यामुळे माझं ते दार २०२४ लाच बंद झालं, तुझंही आता झालंच. राहिलेल्यांना निवृत्तीनंतर सहमार्गदर्शक म्हणून सत्तरीपर्यंत बघता येतं, ते मी करणार आहे. बाकी रोज दुपारी तासभर हर्बेरियममध्ये बसते, निवृत्तीआधीच्या नो ड्यूज दाखल्यासाठी डेडस्टॉक रजिस्टरशी, म्हणजे विभागाच्या सामानाच्या नोंदवहीशी, कपाटं जुळवायचीत ना. परवा तळाच्या कप्प्यात तुझी शीटं सापडली, १९९० ची, कासची टोपली कारवी. वर्तमानपत्राची पिवळी पट्टी अजून चिकटलेली, आणि लेबलवर तुझं पेन्सिलीचं अक्षर, 'फुलोरा सात वर्षांनी, परत बघणे'. आपण परत बघितली, दोनदा की तीनदा गं? ती शीटं मी नव्या फोल्डरमध्ये घातलीत, तुझ्या नावासकट. तुझी नोंद तिथे कायमची आहे, तिला १ नोव्हेंबर लागू नाही.

तर आता असं कर. पुढच्या शनिवारी सकाळच्या एस.टी.ने ये, रविवारी संध्याकाळी जा. येताना पगाराच्या स्लिपा, जेवढ्या असतील तेवढ्या, एन.पी.एस.चं स्टेटमेंट आणि ऑर्डरची झेरॉक्स आण. स्लिपा सापडल्या नाहीत तर बँकेचं जुनं पासबुक चालेल. भाऊजींना पण आण, त्यांच्यासमोरच बोलू, मी बोलले की ते ऐकतात. मी लाल पेन आणि मोठे कागद आणून ठेवलेत, पिठलं-भाकरी करते, गच्चीत बसू.

स्लिपा पिशवीत घातल्यास की फोन कर.

तुझी,
शैला