आईचे 22, माझे 24

ग्लासगो
12 एप्रिल

ती. आई आणि बाबांना,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर जो गोंधळ झाला तो निस्तरायला हे पत्र लिहायला बसले आहे. बाबा, माझ्या ड जीवनसत्त्वाच्या रिपोर्टचा फोटो बघून तुम्ही म्हणालात, "तुझे 24, हिचे 22. म्हणजे तू आईपेक्षा बरीच आहेस की! मग एवढ्या जड गोळ्या कशाला?" मागून आईचं चालूच होतं की तिकडचे डॉक्टर उगीच घाबरवतात. त्यात आवाज तुटायला लागला आणि राहिलंच सगळं.

आकड्याच्या पुढे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते बघा. सांगलीच्या लॅबने आईचं ड जीवनसत्त्व नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये दिलंय, माझं इथे नॅनोमोल प्रति लिटरमध्ये आलंय. सोनं एकाने तोळ्यात सांगायचं आणि दुसऱ्याने ग्रॅममध्ये, तशातली गत. आपल्याकडच्या आकड्याला अडीचने गुणलं की इथला आकडा येतो. आईचे 22 म्हणजे इथले 55, आणि माझे 24 म्हणजे तिकडचे साडेनऊच्या आसपास. आता सांगा कोण बरं आहे!

गंमत पुढेच आहे. इथे ब्रिटनमध्ये 25 च्या खाली कमतरता, 25 ते 50 अपुरं आणि 50 च्या वर पुरेसं धरतात. म्हणजे आईचा तोच रिपोर्ट घेऊन मी इथल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले असते, तर त्यांनी 'ठीक आहे' म्हणून घरी पाठवलं असतं. आपल्याकडच्या लॅबच्या कागदावर मात्र 20 च्या खाली कमतरता, 20 ते 30 अपुरं आणि 30 च्या पुढे नॉर्मल असं छापलेलं असतं, म्हणून आईच्या आकड्यासमोर ठळक अक्षरात खूण आली. हा 30 चा आकडा मुख्यतः अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटी या हार्मोनच्या डॉक्टरांच्या संस्थेच्या 2011 च्या शिफारशीतून पसरला. त्याच संस्थेने 2024 मध्ये नवी शिफारस काढली आणि 30 गाठलेच पाहिजेत हा आग्रह सोडून दिला. शिवाय धडधाकट माणसांची ही तपासणी सरसकट करू नका असंही सांगितलं. लॅबचे छापील कागद काही लगेच बदलत नाहीत. त्यामुळे निम्मी सांगली 'अपुरी' ठरत असेल तर मला मुळीच आश्चर्य वाटणार नाही.

माझी तपासणी का झाली ते नीट सांगते, म्हणजे आईच्या डोक्यातली चक्रं थांबतील. थंडीभर नडग्या ठणकत होत्या आणि जिना चढताना मांड्या भरून यायच्या. डॉक्टरीणबाईंनी आधी पुष्कळ प्रश्न विचारले: बाहेर किती असतेस, काय खातेस, पाळी जास्त जाते का. मग रक्त काढायला सांगितलं. नर्सने रंगीत टोपणांच्या नळ्यांत रक्त घेतलं, त्या हलकेच उलट्यापालट्या केल्या आणि नाव लिहून ठेवून दिल्या. आई, उपाशीपोटी जावं लागत नाही, मी पोहे खाऊन गेले होते. पैसेही पडले नाहीत, आणि स्कॉटलंडमध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषधही फुकट मिळतं.

ड बरोबर कॅल्शियम, फॉस्फेट, अल्कलाइन फॉस्फटेज, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि फेरिटिन असं सगळं बघितलं. कॅल्शियम आणि फॉस्फटेज नॉर्मल आले. ते बिघडले असते तर हाडं मऊ पडायला लागलीत का ही शंका घ्यावी लागली असती, म्हणून त्या दोन ओळी वाचून मला 24 पेक्षा जास्त बरं वाटलं. फेरिटिन मात्र 11 आलं, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा संपत आलेला. बाईंनी स्पष्ट सांगितलं की थकवा लोहामुळे असण्याची शक्यता जास्त, नडग्यांचं दुखणं डमुळे असू शकतं, आणि सगळं खापर एका जीवनसत्त्वावर फोडू नकोस. मला ते पटलं. आपल्याकडे हल्ली केस गळण्यापासून चिडचिडीपर्यंत सगळ्याला 'डी कमी असेल' हेच उत्तर मिळतं.

लॅबच्या यादीत डच्या दोन तपासण्या असतात. आपल्याला हवी ती '25-हायड्रॉक्सी'. त्वचेत तयार झालेलं किंवा पोटातून आलेलं ड यकृतात जाऊन हे रूप घेतं आणि रक्तात दोन-तीन आठवडे टिकतं, त्यामुळे साठा किती आहे ते कळतं. दुसरी '1,25-डायहायड्रॉक्सी', म्हणजे मूत्रपिंडात तयार होणारं कामाचं रूप. नाव भारदस्त असलं तरी साठा कमी असतानाही ती नॉर्मल, कधी कधी जास्तसुद्धा येते. मूत्रपिंडाचा विकार वगैरे असेल तरच तिचा उपयोग. आणि एकच रक्त दोन लॅबना दिलं तर आकड्यात दहा टक्क्यांचा फरक सहज पडतो. तेव्हा शेजारच्या काकूंचे 24 आणि आपले 22 यात काही अर्थ काढत बसू नका.

माझं कमी का झालं याचं उत्तर खिडकीबाहेरच आहे. ग्लासगो 56 अक्षांशावर. डिसेंबरात पावणेचारला सूर्य मावळतो, आणि भर दुपारीसुद्धा तो इतका खाली असतो की माझी सावली माझ्या पाचपट लांब पडते. ड तयार करणारे अतिनील 'ब' किरण एवढ्या तिरक्या उन्हात जमिनीपर्यंत जवळजवळ पोचतच नाहीत. ऑक्टोबर ते मार्च हे असंच. त्यात आपली सावळी त्वचा, तिला तेवढंच ड बनवायला जास्त ऊन लागतं. आई, तुला मुडदूस माहीत आहे, ड कमी पडून लहान मुलांची हाडं मऊ होतात आणि वाकतात तो. एकोणिसाव्या शतकात कारखान्यांच्या धुरात वाढलेल्या इथल्या गोऱ्या पोरांमध्ये तो सर्रास असायचा. पुढे 1960 नंतर तोच आजार ग्लासगोत आलेल्या भारतीय-पाकिस्तानी कुटुंबांतल्या मुलांमध्ये सापडला. 1981 मध्ये तर सरकारला 'मुडदूस थांबवा' अशी देशभर मोहीम काढावी लागली होती. त्यामुळे माझं आडनाव बघूनच बाईंनी तपासणी लिहिली असावी असा माझा दाट संशय आहे, आणि या बाबतीत तरी मला त्याचा राग नाही.

आता तुझं कोवळं ऊन. सकाळी साडेसातला बाल्कनीत काच लावून, पूर्ण बाह्यांचं स्वेटर घालून बसतेस, त्यातून ऊब मिळते, ड नाही. काचेतून हे किरण येत नाहीत आणि सकाळच्या उन्हात ते असतात फार थोडे. सोपा आडाखा असा, की आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असेल तेव्हाच्या उन्हात काम होतं. सांगलीत डिसेंबरातसुद्धा भर दुपारी सावली माणसापेक्षा आखूडच असते, हे मी गणित करून पाहिलं आणि मला तुमचा चक्क हेवा वाटला. तू गच्चीवर सांडगे-पापड घालायला जातेस, ती वेळ खरी उपयोगाची. हात-पाय थोडे उघडे ठेव, पंधरा-वीस मिनिटं पुरेत, चक्कर येईपर्यंत उभं राहू नकोस. उन्हाने ड जास्त होत नाही, जादाचं त्वचा स्वतःच मोडून टाकते.

डच्या पुड्यांचं तसं नाही. मुख्यतः यासाठीच हे पत्र.

आई, तुझे ते 22 गणपतीच्या आधीचे. तेव्हा आठवड्याला 60,000 युनिटची एक पुडी, आठ आठवडे, असं लिहून दिलं होतं. ते ठीकच होतं. पण परवा तू बोलता बोलता म्हणालीस की मेडिकलवाला अजून देतो, त्यामुळे चालूच आहे. आठवड्याला 60,000 म्हणजे दिवसाला साडेआठ हजारांच्या वर. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय मोठ्या माणसाने दिवसाला 4,000 च्या वर जाऊ नये असं इथे सांगतात. म्हणजे आज तुझा आकडा 22 नसणार, तो किती वर गेलाय ते कुणालाच ठाऊक नाही. शिवाय तू कॅल्शियमची गोळी घेतेस, आणि तुझ्या बीपीच्या गोळीत लघवी जास्त करणारं थायझाइड औषध आहे, ते कॅल्शियम शरीरातच अडवून ठेवतं. तिन्ही मिळून रक्तातलं कॅल्शियम वाढू शकतं. मग मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान, सारखी लघवी, आणि फार वाढलं तर मूत्रपिंडावर ताण. पोट साफ होत नाही म्हणून तू महिनाभर इसबगोल घेते आहेस. त्याचा याच्याशी संबंध असेलच असं नाही, पण बघून घ्यायला काय हरकत आहे?

जास्त घेतलं तर हाडं जास्त बळकट, हा हिशोब खरा नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरीच्या पुढच्या बायकांना वर्षातून एकदाच 5 लाख युनिटचा डोस देऊन पाहिला होता, 2010 मध्ये निकाल छापून आला. डोस घेतलेल्या बायका जास्त पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली. कुणी 6 लाखांचं इंजेक्शन 'एकदाच घेऊन टाका, काकू' म्हणालं तर सरळ नाही म्हण.

माझं विचारशील तर आठवड्याला 50,000 ची एक कॅप्सूल, सहा आठवडे. ती झाली की बंद. महिन्याने कॅल्शियम बघायचं आणि पुढे रोजची लहान गोळी. जेवणाबरोबर घेते, कारण ड तेला-तुपात विरघळतं. तू विचारणारच म्हणून आधीच सांगते: ड3, म्हणजे या गोळ्यांतलं ड, बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीतल्या चरबीपासून काढतात, त्यासाठी मेंढी मारत नाहीत. कॅप्सूलचं आवरण मात्र जिलेटिनचं असतं. मी चालवून घेतलंय, तू आजीला सांगू नकोस. मालवणची रूममेट म्हणते बांगडा खा. तो इथे स्वस्त मिळतो आणि त्यात ड भरपूर असतं, पण अजून माझी मजल तिथवर गेलेली नाही. तुम्ही दुधाची पिशवी घेताना त्यावर निळ्या रंगात +F ची खूण आहे का बघा, असेल तर त्यात ड घातलेलं असतं.

तर बाबा, काम तुमच्याकडे. या आठवड्यात आईला घेऊन डॉक्टरांकडे जा. चालू असलेली सगळी औषधं पिशवीत घालून न्या, मेडिकलवाल्याने दिलेलीसुद्धा. पुडी गणपतीपासून चालू आहे हे स्पष्ट सांगा, कारण आई 'अधूनमधून घेते' म्हणेल. कॅल्शियम, क्रिएटिनिन (त्यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं) आणि 25-हायड्रॉक्सी एवढं बघायचं का ते विचारा. त्यांना भेटेपर्यंत पुढची पुडी फोडू नका. बीपीची गोळी मात्र आपल्या मनाने बंद करायची नाही. रिपोर्टचा फोटो पाठवाल तो पूर्ण पानाचा पाठवा, नुसत्या आकड्याचा नको.

वहिनीचा सातवा लागला ना? तिलाही डॉक्टरांनी काही लिहून दिलं असेल तर तेवढंच घेऊ दे, आईच्या डब्यातल्या पुड्या तिला देऊ नका. आजीला नमस्कार, दादाला म्हणावं पार्सल मिळालं, पण मेतकुटाची पिशवी फुटून सगळ्या चिवड्यात मिसळलंय. चव वाईट लागत नाही.

तुमची,
मंजू